काशाला कल्हई लागत नाही

चित्रांविषयी रेडिओवर बोलायचे म्हणजे अवघड काम. ऐकणाऱ्याला चित्र दिसत नाही. आणि मी ज्या चित्रांविषयी बोलणार आहे, ती तर डोळ्यांसमोर टांगलेली असली तरी त्यांत झाड, माणूस, डोंगर असे काहीच सापडत नाही. नुसता रंग. अशा चित्रांना अमूर्त चित्रे म्हणतात. त्याच दालनात ब्राँझची, म्हणजे आपल्या काशाच्या जातीची, शिल्पे मांडलेली होती. एका चित्रकाराचे आणि एका शिल्पकाराचे ते संयुक्त प्रदर्शन होते. ते मी ज्यांच्याबरोबर पाहिले, त्यांच्याविषयी आधी सांगतो, कारण ते प्रदर्शन मला त्यांनीच दाखवले. ते माझे वडील. अब्बा. व्यवसायाने कल्हईवाले.

आम्ही परंड्याचे. जिल्हा तेव्हा उस्मानाबाद, आता धाराशिव. माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, घरोघरी तांब्यापितळेची भांडी असत. अब्बा सायकलला भाता, कोळशाचे पोते आणि सांडशी बांधून गावोगाव जायचे. पाराजवळ जमिनीत छोटा खड्डा करून भट्टी लावायची. भाता हलवायचे काम माझे. भांडे आधी राख-वाळूने घासायचे, मग तापवायचे, त्यात नवसागराची पूड टाकायची. भप्पकन पांढरा धूर उठायचा, नाकात झोंबायचा. त्या धुरातच अब्बा कथलाची कांडी भांड्याला टेकवायचे आणि कापसाचा बोळा झरझर फिरवायचे. क्षणात काळेकुट्ट भांडे आतून चांदीसारखे व्हायचे. मग पाण्यात बुडवले की चुर्र! बायका म्हणायच्या, "चाचा, नीट करा हं, मागच्या खेपेला ताक कळकलं होतं." कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणजे तांब्याचा हिरवा अंश त्यात उतरतो. कळक हा अब्बांचा जन्माचा वैरी.

एकदा कुणीतरी काशाची वाटी घेऊन आले. तळपायाला तूप लावून घासायची असते ना, तीच. अब्बांनी ती बोटाने वाजवली, तिचा आवाज संपेपर्यंत कानाशी धरली आणि परत दिली. म्हणाले, "काशाला कल्हई लागत नाही बाई. कथील त्याच्या पोटातच असतं." तांबे आणि कथील वितळवून एकत्र केले की कांसे होते, हे मला शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाआधी अब्बांनी सांगितले.

पुढे स्टील आले, ॲल्युमिनियम आले. भट्टी विझली. मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कविता लिहू लागलो. १९९० साली पहिली कविता छापून आली. अंक घेऊन मी घरी पळत गेलो. अब्बांना मराठी बोलता उत्तम येई, वाचता येत नसे. मी वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारले, "ये किसपे है?"

"किसी पे नहीं."

"फिर मतलब क्या इसका?"

मला राग आला. एकवीस वर्षांचा होतो. यांना काय कळणार, असे मनात आले आणि ते बहुधा तोंडावरही दिसले असावे. त्यानंतर तेरा वर्षे मी त्यांना एकही कविता वाचून दाखवली नाही. त्यांनीही विचारले नाही. घरात बोलणे चालू होते. बाजारहाट, लग्नकार्य, पाऊसपाणी. कविता तेवढी गप्प होती.

२००३ साली अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. माझी बहीण मुंबईला असते, म्हणून शस्त्रक्रिया तिथे करायचे ठरले. तपासणी सकाळीच आटोपली, नंतरची दुपार मोकळी होती. मी त्यांना गेटवे दाखवायला नेले. ऊन फार होते. परतताना काळा घोड्याजवळच्या एका दालनाचे दार उघडे दिसले, आत पंखे होते. आम्ही शिरलो ते सावलीसाठी. प्रदर्शन बघायला नव्हे, हे कबूल करतो.

आत दोन तरुण बसले होते. भिंतींवर एकाची चित्रे आणि मधल्या लाकडी ठोकळ्यांवर दुसऱ्याची शिल्पे. आमच्याशिवाय दालनात दुसरे कुणी नव्हते. मी कवी असल्यामुळे मला हे समजलेच पाहिजे अशा चेहऱ्याने मी चित्रांसमोरून फिरू लागलो. खरे सांगतो, मला काही कळत नव्हते. राखी रंगाचा एक मोठा कॅनव्हास, त्यात खालून कुठून तरी वर आलेला तांबूस उजेड. बस्स.

अब्बा त्याच चित्रासमोर थांबले होते. बराच वेळ. मग मोठ्याने म्हणाले, "मला घरी असंच दिसतं."

मला हसू आले आणि लाजही वाटली. मोतीबिंदूच्या माणसाला कशाचीच कड दिसत नाही, सगळे रंगच दिसतात. पण तो चित्रकार हसला नाही. उठून जवळ आला. "काय दिसतं बाबा?" त्याने विचारले.

अब्बा म्हणाले, "नवसागर टाकला की भांड्यात धूर होतो. त्या धुरातनं कथील पळत जातं. ते पळताना दिसतं, धरता येत नाही. तसं." मग लगेच पुढचा प्रश्न: "हे केलं कसं? एका हातात होतं का पुन्हा पुन्हा द्यावं लागतं?"

आणि तो मुलगा बोलू लागला. आधी एक रंग द्यायचा, वाळू द्यायचा, वर दुसरा द्यायचा, मग पातीने आणि रोलरने तो काढायचा. पुन्हा द्यायचा, पुन्हा काढायचा. "काढून काढून जे उरतं ना बाबा, ते चित्र," तो म्हणाला. अब्बांनी मान हलवली. कल्हईही तशीच असते. कथील लावणे सोपे असते. जास्तीचे पुसून घेणे हे खरे काम. पुसणे चुकले तर भांड्यात गाठी राहतात.

त्या मुलाच्या तोंडून मी त्या दिवशी वासुदेव गायतोंडे यांची पद्धत ऐकली. गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, पुढे दिल्लीत एकटे राहिले आणि २००१ साली गेले. रोलर आणि रंगाची पाती घेऊन ते थर देत आणि थर काढत. वर्षाला मोजकीच चित्रे होत. बाकीचा काळ ते नुसते बसत, विचार करत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. पण दालनात उभे होतो तेव्हा हे घडायचे होते. तेव्हा मला एवढेच उमगले, की हा मुलगा काही लपवत नाही. त्याला आजवर कुणी बरोबर प्रश्न विचारला नव्हता, एवढेच.

मग आम्ही शिल्पांकडे वळलो. एक बाई पाठमोरी बसलेली होती. चेहरा नव्हता, खांदे आणि वाकलेली पाठ तेवढी. अब्बांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. आमच्या घरात भिंतीवर काबाशरीफचे कॅलेंडर सोडले तर काही नसे. पुतळा ही दुसऱ्यांच्या घरची वस्तू. शिल्पकार म्हणाला, "लावा ना हात. हात लावण्यासाठीच आहे." अब्बा क्षणभर थांबले, मग स्वतःशीच पुटपुटले, "अपने तोप पे भी तो शेर है."

ही तोफ म्हणजे मलिक-ए-मैदान. १५४९ साली तेव्हाच्या अहमदनगरात मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ती काशाच्या जातीच्या धातूत ओतली. रूमी म्हणजे रूमचा, तुर्कस्तानाकडचा. ती आमच्या परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली आणि आजही तिथे शेर्झा बुरुजावर आहे. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा उघडा जबडा आणि त्या जबड्यात हत्ती. तोफ जाऊन जवळजवळ चारशे वर्षे झाली, तरी परंड्यात आम्ही तिला अजून आपलीच म्हणतो.

अब्बांनी त्या बाईच्या पाठीवर हात ठेवला. मग बोटाच्या पेराने टकटक केली आणि कान लावला. आमच्याच जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका थापटण्याने संतांची डोकी पारखत, अशी कथा आहे. अब्बांचा आविर्भाव तसाच होता. "पोकळ आहे," ते म्हणाले. "कथील किती टाकलं?"

शिल्पकार चमकला. "शंभराला दहा. थोडं जस्त."

"म्हणून आवाज बसका आला. काशाच्या वाटीला बावीस लागतं."

आता तोही बोलू लागला. वाजायचे असेल तर कथील जास्त हवे, घंटेला आणि वाटीला ते चालते. पण मग धातू ठिसूळ होतो. मूर्तीला ते कमी घेतात, म्हणजे पुढे छिन्नीने आणि कानसीने काम करता येते. तांबे १,०८५ अंशांना वितळते, कथील अवघ्या २३२ अंशांना. दोन्ही तसे मऊ धातू. पण एकत्र आले की दोघांहून कठीण होतात, आणि तरी तांब्यापेक्षा कमी तापात वितळतात. अब्बांना अंश ठाऊक नव्हते, ताप ठाऊक होता. ते "हां, हां" करत राहिले.

मग त्याने ओतण्याची रीत सांगितली. आधी मातीत आकृती. तिच्यावरून साचा. साच्याच्या आत मेणाचा पातळ थर आणि पोटात मातीचा गाभा. बाहेरून पुन्हा मातीचे वेष्टण, त्याला वाटा ठेवलेल्या. सगळे भट्टीत तापवले की मेण वितळून बाहेर निघून जाते आणि त्या रिकाम्या जागेत लाल झालेला रस ओततात. थंड झाल्यावर साचा फोडायचा. महिनाभर ज्या मेणावर बारीक काम केले, ते शेवटी उरतच नाही. अब्बा म्हणाले, "म्हणजे मेण गेल्याबिगर धातूला जागा नाही."

ही विद्या परदेशातून काल-परवा आलेली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मेणावरून मूर्ती ओतायची रीत दिली आहे. मेणाच्या वजनाच्या किती पट धातू घ्यायचा, तेही सांगितले आहे. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या उमरग्याच्या पलीकडे, सीमा ओलांडली की आले. म्हणजे आपण या कलेचे शेजारीच आहोत.

एका गोष्टीवरून मात्र अब्बांचे आणि शिल्पकाराचे वाजले. त्या बाईच्या खांद्यावर हिरवट झाक होती. "हा कळक कशाला राहू दिला?" अब्बांनी जवळजवळ दरडावून विचारले. तो म्हणाला, "राहू दिला नाही बाबा, मुद्दाम आणला. आम्ल लावून, तापवून. आमचा रंग तोच." अब्बांना हे काही पटले नाही. जन्मभर ज्याला पुसत आलो, त्याला हा पोरगा पैसे खर्चून आणतो! ते पुन्हा पुन्हा त्या खांद्याकडे बघत राहिले. निघताना म्हणाले, "दिसतो बरा. पण त्यात ताक ठेवू नका." चौघेही हसलो.

मी त्या दोघांना विचारले, तुम्ही एकत्र प्रदर्शन का करता? चित्रकार म्हणाला, "एकट्याला भाडं परवडत नाही." मला हे उत्तर आवडले. मग शिल्पकार म्हणाला, "आणि लोक याच्या चित्रांना घाबरतात, मग माझ्याकडे येऊन हात लावतात. हात लावून धीर आला की पुन्हा त्याच्याकडे जातात." मी पाहिले, तसेच होते. त्या वाकलेल्या पाठीवर हात ठेवल्यानंतर मी पुन्हा राखी चित्राकडे गेलो, तेव्हा त्यात काय आहे हे शोधणे माझ्याकडून आपोआप सुटले होते. ते चित्र मला जड वाटले. रंगालाही वजन असते, हे मला काशाने शिकवले. आणि चित्रावरून नजर वळवली तेव्हा त्या बाईला चेहरा नाही याचे काही वाटेनासे झाले होते.

चित्रकार आणि शिल्पकार एका छताखाली येणे हे आपल्याकडे नवे नाही. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे सहा जण. यांपैकी हुसेन पंढरपुरात जन्मलेले, म्हणजे आमच्या शेजारचे. सदानंद बाकरे हे सहांतले एकटे शिल्पकार. १९४९ मध्ये त्यांचे एकत्र प्रदर्शन मुंबईत झाले. तेव्हा रझा निसर्गचित्रे काढत, अमूर्ताकडे ते पुढे वळले. बाकरे १९५१ साली लंडनला गेले आणि तिथे छिन्नीबरोबर त्यांनी ब्रशही धरला. पुढे ते परत आले, कोकणात मुरूडला राहिले आणि २००७ साली तिथेच वारले. चित्रकारांच्या शेजारी उभा राहिलेला शिल्पकार शेवटी चित्रकारही झाला.

सय्यद हैदर रझा माझ्या विशेष जवळचे. मंडला जिल्ह्यातल्या एका खेड्यात १९२२ साली जन्म, कलेचे पहिले शिक्षण नागपुरात, मग मुंबई, मग फ्रान्स. लहानपणी मन एकाग्र व्हावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक बिंदू काढून त्याकडे बघायला लावले होते. साठ वर्षे फ्रान्समध्ये राहूनही तो बिंदू त्यांना सुटला नाही, त्यांच्या चित्रांच्या मध्यावर येऊन बसला. आणि काही चित्रांत त्यांनी देवनागरीत कवितेच्या ओळी लिहिल्या. २०१६ साली ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केले.

मला कार्यक्रमांत अजून विचारतात, "तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसे लिहिता?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. त्याला वाटते, मराठी मला वरून लावलेली आहे. अशा वेळी मला अब्बांचे पाराजवळचे वाक्य आठवते. काशाला कल्हई लागत नाही, कथील त्याच्या पोटातच असतं.

आता त्या दिवसाचा शेवट सांगतो. शस्त्रक्रिया झाली, काही दिवसांनी आम्ही रेल्वेने कुर्डुवाडीला निघालो. अब्बांच्या डोळ्यांवर काळा चष्मा. पुण्याच्या पुढे डब्यात शांतता झाली. अब्बांनी विचारले, "कित्ते दिन लगते रे, एक कविता कू?"

तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कवितेचे नाव काढले होते. मी सांगितले, कधी एक दिवस, कधी सहा महिने. आधी वीस ओळी लिहितो, मग काढत जातो, शेवटी आठ उरतात. "पुसून घ्यावं लागतं," मी म्हणालो. ते हसले. म्हणाले, "पढ़."

मी खिशातली वही काढली आणि वाचली. या वेळी त्यांनी 'किसपे है' असे विचारले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "फिर से पढ़." मी पुन्हा वाचली. तेव्हा मला कळले, की १९९० सालच्या त्यांच्या प्रश्नात अपमान नव्हता. ते कारागीर होते, ओळख करून घेत होते. मतलब सांगता येत नसेल तर मी त्यांना निदान रीत सांगायला हवी होती. तेरा वर्षे वाया गेली ती माझ्यामुळे.

अब्बा २००९ साली गेले. त्यानंतर मी विजापूरला गेलो आणि मलिक-ए-मैदानवर हात ठेवला. भर उन्हाळ्यात ती थंड असते असे म्हणतात. मी पेराने टकटक केली. घंटेसारखी वाजली. कथील भरपूर असणार.

मंडळी, आपल्याकडे धाराशिवला, लातूरला, सोलापूरला अधूनमधून चित्रांची, शिल्पांची प्रदर्शने भरतात. दारावर 'प्रवेश विनामूल्य' अशी पाटी असते आणि आत कुणी नसते. आपण जात नाही, कारण आपल्याला त्यातले कळत नाही अशी भीती असते. जरूर जा. अर्थ काय, हे लगेच विचारू नका. एका चित्रासमोर पाच मिनिटे उभे राहा. शिल्पाला हात लावू देत असतील तर लावा, नसतील तर त्याभोवती एक फेरी मारा. आणि कलावंत तिथे असेल तर त्याला विचारा: हे केलं कसं? आधी काय केलं, मग काय काढलं? शेतकरी असाल, शिंपी असाल, स्वयंपाक करत असाल, तर तुमच्या कामातले काहीतरी त्याच्या कामात नक्की सापडेल. तिथून पुढचा रस्ता तो दाखवील.

आणि घरात माळ्यावर जुनी काशाची वाटी पडली असेल, तर ती मोडीत घालू नका. काढा, पुसा, एकदा बोटाने वाजवा आणि आवाज संपेपर्यंत ऐका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)